विजयाच्या पायाची कालवं

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवू नये असंच माझं एकंदर वळण आहे. पण बाकीच्या गोष्टी लोक निदान शेवटपर्यंत ऐकून मग हसतात. ही एकच अशी, की अर्ध्यात उठून जातात. आमचा पोस्टमन एकदा असा उठला की सायकल अंगणात विसरून गेला. त्यामुळे ही गोष्ट मी हल्ली काढतच नव्हतो. पण परवा आमची नवी नातसून ऋजुता देवळातून आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, देवळाच्या दारातला तो निळा द्वारपाल आहे ना, त्याच्या पायाला कालवं चिकटलीयत. लाकडाच्या पायाला! मी हात लावून बघितलं."

"विजय म्हणतात त्याला. पलीकडचा हिरवा तो जय."

"हो, पण कालवं कशी?"

"समुद्रात गेला होता."

"कोण?"

"विजय."

"कशाला?"

"त्याच्या जागेवर मी उभा होतो ना. मग त्याला इथं काय काम?"

पडवीत आमची ही कोकमं फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल. तिनं मान वर न करता म्हटलं, "तोंडाबरोबर हातव चलांदे." मी सुरी घेतली, चार कोकमं पुढ्यात ओढली. ऋजुता पाटावर बसली. आता मागं फिरणं नव्हतं.

तेव्हा मी अप्पा चिताऱ्यांच्या शाळेत होतो. शाळा म्हणजे पाटीपेन्सिलीची नव्हे, मूर्ती घडतात आणि रंगतात ती. खाडीच्या पलीकडल्या काठाला अप्पांचं घर, घरापुढं शाळा. मी त्यांच्या दूरच्या मेव्हण्याचा मुलगा, रंगकाम शिकायला ठेवलेला; सगळे मला बाबल्या म्हणत. अप्पांची मुलगी सुगंधा आम्हाला रंग खलून द्यायची. खल तिचा, डिंक तिचा, आणि कुठल्या रंगात डिंक किती हे फक्त तिला ठाऊक. आमच्यात काय होतं ते सांगायला आमच्याकडं शब्द नव्हते, पण एक दिवस निळा खलता खलता ती म्हणाली होती, "जत्रा झाली की अप्पांका विचार. आदी नको. आदी ते जयविजयाच्या नादात असतत." मी मान डोलावली होती. माझं सगळं आयुष्य त्या जत्रेच्या पलीकडं जाऊन बसलं होतं.

जयविजय म्हणजे आमच्या खारपोलीच्या लक्ष्मीनारायणाचे राखणदार. पुरुषभर उंचीचे, शिवणीच्या लाकडाचे, चार चार हातांचे, एका पायावर दुसरा पाय आडवा टाकून गदेला टेकलेले. जत्रेआधी ते रंगवायला अप्पांकडं यायचे. त्या साली अप्पांचे डोळे मोतीबिंदूनं गढूळ झाले होते, म्हणून सगळं काम माझ्या हातचं. आणि गावाचा एक दंडक होता: द्वारपाल आडवा न्यायचा नाही. राखणदार आडवा झाला म्हणजे देवाचं दार उघडं पडलं. होडीतूनसुद्धा त्याला उभाच न्यायचा, दोरानं नीट बांधून.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी जय पोचवला. दुपारी विजयाला घेऊन निघालो. मी एकटाच, वल्हं माझ्याच हातात. त्याच्या कमरपट्ट्याला मी बेगड लावली होती. उन्हात अशी काही झळकत होती म्हणता! आणि दोर नेमका तिच्यावरून गेलेला. मला वाटलं, पलीकडं तरीवर, होडी लागते तिथं, माणसं असतील, त्यांना दिसायला नको का? सोडला दोर.

"आणि तरीवर?" ऋजुतानं विचारलं.

"चिटपाखरू नव्हतं."

ओहोटी लागली होती. होडी जरा कलली आणि विजय उतरला. पडला नाही हो, उतरला. बसमधून माणूस उतरतो तसा. मग पाण्यावर उताणा झाला आणि डोळे वटारून, एक बोट आभाळाकडं रोखून जो निघाला तो समुद्राच्या दिशेनं. मी वल्हं मारमार मारलं, पण त्याला चार हात आणि मला दोन. मुकुट आणि गदा वेगळ्या गाठोड्यात होती, तेवढी माझ्यापाशी राहिली.

अप्पांना सांगायचं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराची पायरी मला बंद. आणि मग सुगंधाला कोण विचारणार? मी त्या संध्याकाळी शाळेत जाऊन दोन सुटे हात उचलले, निळ्याचा खल उचलला आणि पहाटे देवळात शिरलो.

आता रंग अंगाला लावणं सोपं. तुम्ही म्हणाल सुळे? ते खोबऱ्याच्या कातळ्यांचे केले, ओठाखाली दाबले. मागचे दोन हात पाठीला पट्ट्यानं बांधले. मुकुट, माळा, गदा. खरी पंचाईत डोळ्यांची. द्वारपालाचे डोळे टपोरे, बटाट्याएवढे, आणि तो पापणी हलवत नाही. माणसानं किती वेळ दम धरावा? म्हणून मी पापण्यांवरच डोळे रंगवले. एक मिटून दुसऱ्यानं आरशात बघत एक रंगवला, तो वाळल्यावर उघडून दुसरा. असे उत्तम साधले, की आरशात मीच मला घाबरलो. चबुतऱ्यावर चढलो, पायावर पाय टाकला, बोट वर केलं आणि डोळे मिटले.

विचार असा होता, की जवळपास कोणी नसेल तेव्हा उघडायचे. पण तो निळा सुगंधानं खललेला होता. लाकडावर टिकावा म्हणून तिनं त्यात डिंक सढळ घातलेला. पापणी पापणीला बसली ती बसली. उघडेचना! वर गालावरचा रंग वाळून असा आवळला, की हसू आलं असतं तरी हसता आलं नसतं. तशी वेळ काही आली नाही.

मग जत्रा सुरू झाली. आधी घंटा, मग ढोल, मग माणसं. मी भिंतीत चिणल्यासारखा उभा. घाम फुटला तर रंग ओघळेल म्हणून घामालाही आत दाबून धरायचं. बायका यायच्या, माझ्या पायाला हळदकुंकू लावायच्या, नारळ ठेवायच्या. पोटात अन्नाचा कण नाही, तोंडात खोबरं, आणि चावायची सोय नाही. माझं दुःख मुंग्यांना कळलं. त्या पायावरून चढल्या, गुडघ्यावरून, पोटावरून, थेट सुळ्यापर्यंत. एक रांग वर, एक रांग खाली. वर जाणारी रिकामी, खाली येणारी खोबरं घेऊन.

"आजोबा!" ऋजुता तोंडावर हात घेऊन हसायला लागली.

"हस. मला तेव्हा कोणी हसू दिलं नाही."

तेवढ्यात माझ्या ओळखीचा खोकला आला. अप्पा. त्यांच्याबरोबर एक जाडा, परका आवाज.

"हो बगा आमचो विजय," अप्पा म्हणाले. "आमच्या बाबल्यान रंगवल्यान. बरो हात आसा पोराचो."

"पोट जरा सुटल्यासारखा दिसता," परका आवाज म्हणाला.

"राखणदार हा तो. बसून खाणारा नव्हे, उभ्यान खाणारा," अप्पा म्हणाले आणि दोघं हसले. मग अप्पांचा हात आला. दिसत नसलेल्या चिताऱ्याचा हात म्हणजे दुसरे डोळेच ते. नाकावरून फिरला. "नाक चुकल्यान. बसका झाला." गालावरून, खांद्यावरून खाली आला आणि पोटावर थांबला.

"अरे, लाकूड गरम कसा?"

मला वाटलं, झालं. आता हा हात मनगट धरणार.

"समईची धग लागता, अप्पा," सुगंधाचा आवाज आला. माझ्या अगदी डाव्या बाजूनं. "चला, गुरव वाट बगता."

"कसली वाट?" असं मी मनातल्या मनात विचारलं आणि उत्तर त्या जाड्या आवाजानंच दिलं. तो बेळगावहून आलेला. त्याचा पुतण्या तिथं दुकानांच्या पाट्या रंगवायचा. स्वतःचं दुकान, दोन माणसं हाताखाली. मुलगी पसंत होती. अप्पांनाही स्थळ पसंत होतं. फक्त कौल घ्यायचा राहिला होता.

इथं ऋजुताला कौलाचं सांगावं लागलं. आमच्या गावात पाऊसपाण्याचं विचारायचं तर गाभाऱ्यात देवाला. पण मुलगी द्यायची असेल तर देवाला विचारत नाहीत, विजयाला विचारतात. का? तर जयविजयांना शाप झाला, वैकुंठ सोडून परक्या जागी जन्म काढावे लागले. घर सोडून जायचं म्हणजे काय ते देवाला काय ठाऊक? त्यांना ठाऊक. म्हणून मुलीचं त्यांना विचारायचं. गुरव विजयाच्या छातीवर तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर मुलगी द्यावी. डावी पडली तर नाही. आणि जिचा कौल, तिनंच समोर निरांजन धरून उभं राहायचं.

म्हणजे बघा मी स्वतःला कसा अडकवून घेतला होता. विजय वाहून गेला म्हणून गावात ओरडलो असतो, तर चबुतरा रिकामा राहिला असता, आणि विजय नाही तर कौल नाही. बेळगावकर आल्या बसनं परत. सुगंधा मिळावी म्हणून मी विजय झालो, आणि मी विजय झालो म्हणूनच सुगंधा चालली होती. आता हललो, तर अप्पांची गावात शोभा, आणि त्यांनी मला देवाच्या दारातच गदेनं झोडला असता. नाही हललो, तर पाकळीच्या मनात येईल ते. गदा माझी, मुकुट माझा, दाराची राखण माझी, आणि माझ्याच डोळ्यादेखत घरातलं माणूस उचलून नेत होते. डोळ्यादेखत तरी कसलं, डोळे चिकटलेले!

पुनाजी गुरव आला. त्याच्या अंगाला कापराचा वास. ओल्या, थंड दोन पाकळ्या माझ्या छातीवर बसल्या. कापराचा वास मागं सरला आणि निरांजनाची ऊब पुढं आली. त्या उबेमागं सुगंधा होती. इतकी जवळ की तिचा श्वास मला कळत होता. आणि ती पुटपुटली, अगदी हळू: "हलू नको हां, विजया."

मला वाटलं, देवाला म्हणतेय.

पुनाजीनं गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचा आवाज असा की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडायची.

"बा देवा लक्ष्मीनारायणा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा सभामंडप म्हणाला.

"तुझ्या दारावरचे राखणदार, जयविजय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या अप्पा चिताऱ्याच्या चेडवाक बेळगावचा स्थळ इला, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात बेळगावकराचा आवाज सगळ्यांच्या वर.

"तर तिचो पाय ह्या गावातसून भायर पडाचो काय नाय, ता तूच सांग रे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि माझी उजवी पाकळी सरकायला लागली.

समई उजवीकडं होती ना. धगीनं पाकळीचं पाणी सुकत चाललं होतं. एक कड सुटली. गुदगुल्या झाल्या, त्यावरून कळलं. मी काय करावं? फुंकर मारायची तर तोंडात सुळे. हातानं दाबायची तर चारही हात कामात. मी श्वास आत घेतला आणि धरला. छाती फुगली, उजवी पाकळी थांबली. पण श्वास किती वेळ धरणार? कानात समुद्र वाजायला लागला. मला वाटलं, विजय तिकडं बुडतोय आणि मी इकडं.

आणि तेवढ्यात मला आमची म्हैस आठवली.

"म्हैस?"

"म्हैस. अंगावर माशी बसली की ती काय करते? शेपूट तिथवर पोचत नसेल तर? तेवढीच कातडी थरथरवते. बाकीचं अंग जिथल्या तिथं. मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो आणि मला ते यायला लागलं होतं."

"काहीतरीच!"

"अगं, आता वयामुळं येत नाही. तेव्हा यायचं."

मी सगळा जीव डाव्या छातीत गोळा केला आणि एकदाच, बारीकसं, थरथरवलं. उजवी हलली नाही. डावी सुटली. गिरकी घेत, गिरकी घेत खाली आली आणि सुगंधाच्या पायाच्या अंगठ्यापाशी पडली. पांढरी, काळ्या फरशीवर, तिच्या सावलीत. मी पाहिली ना! मग गलका झाला. "डावी! डावी पडली!" बेळगावकरानं नारळ उचलला आणि बस चुकेल म्हणून जेवायलाही थांबला नाही. माणसं पांगली, पंगती बसल्या, आणि मी चाचपडत मागच्या दारानं जो पळालो तो देवळाच्या तळ्यात. अर्ध्या तासानं डोळे उघडले. चबुतरा रिकामा बघून गावानं ठरवलं, विजय मुलीला नकार देऊन दमला आणि समुद्रस्नानाला गेला. दोन महिन्यांनी रापणीच्या जाळ्यात सापडला, पायाला कालवं घेऊन. गावानं ती काढू दिली नाहीत. तीर्थाहून आणलेली, म्हणाले. अप्पांना मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. बाकी सगळं सोड, ऋजुता, पण गावातल्या कोणालाही विचार, कौल डावा लागला की नाही. ती पाकळी मी पाडली. या छातीनं.

ऋजुता हसता हसता पाटावरून घसरली होती. "आजोबा, तुम्ही ना, कमाल आहात. एवढं सगळं खोटं—"

"बाकीचा खरा हा," कोकमांच्या ढिगापलीकडून आवाज आला.

कोकमावरची सुरी थांबली होती. ही माझ्याकडं बघत होती. हातावरून लाल रस ओघळत होता, तो पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

"उबो होतो तो. मी बगलंय. मागचे दोनव हात डावे लावलेले ह्या शाण्यान. सुळे मुंग्यांनी खाल्लेले. समईची धग म्हणान अप्पांका कोणी सांगलान? मीच ना? ता सगळा खरा." तिनं सुरी माझ्यावर रोखली. "पण पाकळी बगलात म्हणता, ता खोटा. डोळे चिकटलेले ना तुमचे? मग बगलात कशान?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोंडात सुळे असल्यासारखं झालं.

"उजवी सरकली नाय आणि डावी पडली नाय. दोनव घट्ट बसलेले. म्हशीची कातडी खंयची? तुम्ही नुसते थरथरा होतास, भियान. पुनाजी गाऱ्हाणा घाली होतो आणि सगळी हात जोडून, डोळे मिटून 'होय म्हाराजा' म्हणी होती. मी निरांजन ह्या हातात घेतलंय, आणि ह्या हातान डावी पाकळी काडून खाली टाकलंय."

तिनं तो लाल हात जरा वर केला, बोट आणि अंगठा जुळवून.

"आजी!" ऋजुता म्हणाली. "कोणी बघितलं असतं तर?"

"कोण बगतलो?" ही पुन्हा कोकमाकडं वळली. "त्या टायमाक सगळ्या देवळात उघडे डोळे दोघांचेच. माझे आणि जयाचे. आणि तो कोणाक सांगतलो?"